खुशालराव जागल्याची राहिलेली साक्ष

"मले कोन काय करते?" हे खुशालरावांचं ठरलेलं बोलणं. रोह्यांचा, म्हणजे नीलगायींचा कळप तुरीत घुसला तरी हेच, पायाशेजारून साप सळसळत गेला तरी हेच. मूर्तिजापूरच्या खालच्या अंगाला, काळ्या रानात, मचाणावर बसून त्यांनी उभा जन्म लोकांच्या पिकांची जागल केली. संध्याकाळी रानात निघाले की नाला ओलांडून पलीकडच्या काठावरून ते एक लांब हाळी द्यायचे. सुखरूप पोचलो, एवढाच तिचा अर्थ. ती गावात त्यांच्या मानलेल्या बहिणीच्या, रहिमाबीच्या अंगणात ऐकू यायची, मग रहिमाबी चूल पेटवायची.

त्या मचाणावरूनच त्यांनी ते पाहिलं होतं. रहिमाबीचा नवरा इनायतुल्ला आणि शेजारच्या शेताचा शेखर विहिरीजवळ बसले होते. दोघांचं पाण्याच्या पाळीवरून वाजलेलं. आता मिटलं म्हणून शेखरनं थर्मासमधला चहा ओतून दिला. स्वतः घेतला नाही. थोड्या वेळानं इनायतुल्ला पोट धरून वाकला, आणि शेखरनं त्याला खांद्याला धरून काठाकडे नेलं. खुशालराव ओरडत, धडपडत पोचले, तेव्हा विहिरीत फक्त पाणी हलत होतं.

शेखर म्हणाला, पाय घसरला.

इनायतुल्लाच्या पोटात जहर होतं का, हे तपासणीच्या अहवालात कळणार होतं. आणि तो अहवाल प्रयोगशाळेतून काही येत नव्हता.

आज अकोल्याच्या कोर्टात पुन्हा तेच झालं. सरकारी वकील साधनाबाई उभ्या राहिल्या. "साहेब, अहवालाशिवाय डॉक्टरांची साक्ष अपुरी राहील. मुदत मिळावी." शेखरच्या वकिलानं हरकतसुद्धा घेतली नाही. रहिमाबीला तेच खुपलं.

बाहेर आल्यावर खुशालरावांनी साधनाबाईंना गाठलं. "बाई, माही तं घ्या ना साक्ष! मी काई प्रयोगशाळेतून यून नाई राह्यलो."

बाईंना हसू आलं, पण टिकलं नाही. "काका, आधी घेतली तर समोरचे म्हणतील, म्हाताऱ्यानं लांबून पाहिलं, भास झाला असेल. अहवाल हातात असला की तुमचा शब्द कुणाला खोडता येणार नाही. तोवर जपून राहा. कुणी त्रास दिला तर लगेच फोन करा."

"त्रास कोन देते? शेखर तं मले बसमंधी जागा धरून ठेवते."

खरंच ठेवायचा. साक्षीदाराजवळ फिरकू नको, या अटीवर त्याला जामीन मिळाला होता. पण गावाकडे जाणारी बस एकच. परतताना आजही तो खुशालरावांना लागून बसला. मागच्या बाकावरून रहिमाबीला त्या दोघांच्या माना तेवढ्या दिसत होत्या. एक ताठ, एक सारखी वळणारी.

फाट्यावर उतरले तेव्हा उन्हं कलली होती. रहिमाबीनं खुशालरावांना बाजूला घेतलं.

"भाऊ, वकीलबाईले फोन लावा. आन् त्याच्या हातचं पानी बी घेऊ नोका."

"गावात राहनं हाये, बहिनी. चाय नाई म्हटलं का गावभर होते, खुशालराव भेला म्हनून."

"होऊ द्या! भेले तं भेले. तुमच्याबिगर कोनी पाह्यलं नाई, भाऊ. तुमी हाये तं माहा न्याय हाये."

"मले कोन काय करते?"

तेवढ्यात शेखर जवळ आला. "काका, रानाकडंच ना? चला, सोबतच जाऊ." मग रहिमाबीकडे न पाहताच हसला. "घसा सुकला असन तुमचा. दिवसभर न बोलता."

त्याच्या खांद्याला थर्मास लटकत होता.

खुशालरावांनी तो पाहिला. रहिमाबीला दिसलं, त्यांनी पाहिला. क्षणभर त्यांची काठी जमिनीत रुतल्यासारखी थांबली. मग त्यांनी टोपी नीट केली, छाती काढली. "चाल," म्हणाले. जणू इथं माघार घेतली तर कोर्टातही जीभ उचलणार नाही.

"भाऊ, हाळी द्या!" रहिमाबी मागून ओरडली.

वळून न पाहता त्यांनी काठी उंच केली.

पऱ्हाटीच्या, उभ्या कपाशीच्या मधल्या गाडवाटेनं दोघं निघाले. रहिमाबीनं साधनाबाईंना फोन लावला. तिकडे नुसती घंटी वाजत राहिली. नाल्याच्या उतारावर आधी शेखर दिसेनासा झाला, मग खुशालरावांची पांढरी टोपी. फाट्यावर रहिमाबी एकटीच उभी होती. एक कान फोनला, दुसरा नाल्याकडे.