होडीला पाणी

माझ्या गाळ्यावर पाटी आहे 'फर्निचर वर्क्स' अशी, पण आत खरं लाकूड शोधायला गेलात तर हात हलवत परत याल. पावणे गावाजवळच्या औद्योगिक वसाहतीत मी कपाटं आणि किचनच्या ट्रॉल्या बनवतो, त्या भुसा दाबून केलेल्या फळ्यांच्या. गिऱ्हाईक मोबाईलवर फोटो दाखवून म्हणतं, "भाऊ, रिअल वुडचं फील आलं पाहिजे." फील पाहिजे, लाकूड नको. मी मान डोलावतो, वर अक्रोडी रंगाचा कागद चिकटवतो, आणि वर्षभरात सिंकखालची फळी फुगली की त्याच गिऱ्हाइकाच्या शिव्या खातो. पोट भरतं. चिडचिड होते ती होतेच.

चिडचिड होते कारण मला लाकूड कळतं. मी मूळचा दिवाळे गावचा, कोळ्याचा पोर. बाबांची होडी होती, आणि दर वर्षी पावसाच्या बंदीत ती किनाऱ्यावर ओढली की तिच्या डागडुजीत माझी सुट्टी जायची. बाबा तिला होरी म्हणायचे आणि तिच्या लाकडांबद्दल नातेवाइकांबद्दल बोलावं तसं बोलायचे. साग म्हणजे श्रीमंत व्याही. अंगचंच तेल असतं, वाळवी जवळ येत नाही, पण दारात आणायचा तर ऐपत पाहिजे. ऐन म्हणजे तुझा आजा. पाण्यात आहे तोवर कुणाला जुमानायचा नाही, उन्हात बसवला की तडकणार. बाभूळ वाकडी आणि भांडखोर, रंध्याचं पातं बोथट करील, पण होरीच्या फासळ्या तिच्याच करायच्या. वाक तिला जन्मतःच असतो, तो आपण आणायला गेलो तर लाकूड मोडतं. आणि आंबा गरिबाचा. हलका, खिळा लगेच घेतो, स्वस्तात मिळतो. लाड मात्र भारी करावे लागतात.

आमची होडी गरिबाचीच होती. तळाला ऐन, फासळ्या बाभळीच्या, नाळेजवळ, म्हणजे पुढच्या टोकाशी, सागाच्या दोन फळ्या. बाकी दोन्ही अंगं आंब्याची. बाबा तिला माशाचं तेल चोळायचे. त्या वासानं आम्हा भावंडांना शाळेत कोणी शेजारी बसवून घेत नसे.

मग बाबांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. धाकट्या भावानं फायबरची होडी घेतली, आणि घेतली ते बरोबरच केलं. तिला ना तेल लागतं ना लाड. बाबांची होडी जाळी ठेवायच्या शेडच्या मागं भरावावर ओढून ठेवली. भरतीचं पाणी तिथवर पोचत नाही, आणि लाकडी होडी कोरडी पडली की फळ्या आकसतात, सांधे उघडतात, ऐन उभा चिरत जातो. म्हणून बोलता यायला लागल्यावर बाबांनी आईला पहिलं काम सांगितलं ते हेच. रोज संध्याकाळी होडीवर खाडीचं पाणी मारायचं.

त्या दिवसापासून आमच्या घरात दिवेलागणीला एक प्रश्न ठरलेला. बाबा खाटेवरून विचारणार, "होरीला पानी घातलंस?" आणि आई पदराला हात पुसत म्हणणार, "घातलं, अवो." मी नेरूळला फ्लॅटमध्ये राहतो, रविवारी घरी जातो. हे सवालजवाब मी कितीदा ऐकले असतील. मला ते देवाला दिवा लावण्यासारखं वाटायचं आणि मी पुढचा चहा मागायचो.

आईनं मनाशी एक गोष्ट पक्की केली होती. नारळी पौर्णिमेला होडी पाण्यात उतरणार आणि बाबा होडीत बसणार. डॉक्टर काय म्हणाले ते तिनं ऐकलं होतं, पण डॉक्टरला काय कळतं. पाय चोळून देताना ती बाबांशी होडीचंच बोलायची. रंग कुठला द्यायचा, नाळेला हार कसला घालायचा. बाबा एका बाजूनं हसायचे. त्यांच्या पायात थोडी धुगधुगी आली, बोट हललं, की ती मला गाळ्यावर फोन करायची. मी यंत्राच्या आवाजात "हो का, बरं" म्हणायचो. खरं सांगायचं तर हळूहळू मलाही वाटायला लागलं होतं की बाबा बसतील.

म्हणून मी मोऱ्याहून मिस्त्री आणला. उरणच्या त्या बाजूला लाकडी होड्यांचं काम करणारे थोडेफार उरलेत, त्यांतला हा. तोंडाचा फटकळ, पण होडी बघताना गप्प. त्यानं नाळेकडून सुरुवात केली. सागाच्या फळ्यांवर बोटाच्या पेरानं टकटक केली, मान डोलावली. तळाला वाकून ऐन पाहिला, "काला पडलाय, पन जीव हाय," म्हणाला. फासळ्यांवर हातोडी मारली, तर बाभूळ अशी खणखणीत वाजली की मला हसूच आलं. आई मागं उभी होती, हातात नेहमीची बादली. तिचाही चेहरा फुलला.

मग त्यानं आंब्याच्या फळीला पेचकस टेकवला. जोर लावला नाही, नुसता टेकवला, आणि पेचकस मुठीपर्यंत आत गेला. त्यानं बाहेर काढला आणि दोन हात पुढं सरकून पुन्हा टेकवला. पुन्हा तेच. फळी वरून रंगाची, आतून चहात बुडवलेल्या खारीसारखी. मी दुसऱ्या बाजूला धावलो, अंगठ्यानं दाबून पाहिलं. सगळीकडं मऊ, ओलसर, आणि वास बुरशीचा. माशाच्या तेलाचा नाही, खाडीचा नाही, बंद कपाटात ओली चादर राहिली तर येतो तो. हा वास मी रोज घेतो. लोकांच्या सिंकखाली.

"गोडं पानी कोनी मारलं हिच्यावर?" मिस्त्री ओरडला. "अरे खारं मारलं असतं तर आंबा असून टिकला असता. मीठ लाकूड राखतं. गोड्या पान्यानं बुरशी धरली. हे काय झाड हाय का, पानी घालायला?"

बादली जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला. शेडच्या कोपऱ्यावर नळ आहे, गावाला पाणी आलं तेव्हा बसवलेला. त्याच्या खाली सिमेंटवर बादलीच्या बुडाचा गोल उमटलेला होता. रोज तिथंच ठेवल्याशिवाय असा उमटत नाही. मी तो गोल शंभर वेळा पाहिला असेल.

आई कोळ्यांच्या घरातली नव्हे, हे इथं सांगायला हवं. ती खाडीकाठच्या शेतकऱ्यांची. तिच्या माहेरी भातखाचरं होती, बांधाच्या अलीकडं भात आणि पलीकडं भरती. तिच्या लहानपणी एकदा बांध फुटला आणि खारं पाणी शेतात शिरलं. त्यानंतर कित्येक वर्षं त्या जमिनीत काही उगवलं नाही. आजोबा बांधावर बसून रडले, हे तिनं आम्हाला कितीदा तरी सांगितलंय. तिच्या लेखी खारं पाणी म्हणजे वाटोळं. सुरुवातीला तिनं खाडीतूनच बादल्या आणल्या, नवऱ्यानं सांगितलं म्हणून. मग एकदा शेवाळावर घसरली, गुडघा सुजला, आणि तेव्हापासून ती नळाचं पाणी घालायला लागली. तिला वाटलं, नाहीतरी हे चांगलंच. मीठ धुऊन निघेल, लाकूड थंड राहील. आमच्याकडं पाणी कमी येतं त्या दिवशी ती घरच्या पिंपातलं नेऊन घालायची, हे मला धाकट्या भावाच्या बायकोनं नंतर सांगितलं. आमच्या तोंडचं काढून होडीला.

मला राग आला. मिस्त्रीचा आला, नळाचा आला, धाकट्या भावाचा आला की रोज शेडवर जाऊन याला दिसलं कसं नाही. तिच्यावर रागवावं तर ती बादलीशेजारी उभी राहून फळीच्या भोकाकडं बघत होती. "नवीन फळ्या घालू," मी म्हणालो. मिस्त्रीनं डोकं हलवलं. दोन्ही अंगं गेल्यावर फळ्या कुठं घालायच्या, ही दुसरी होडी झाली, म्हणाला. मग पाणी कोणी घातलं ते त्याला कळलं असावं. तो खाली बघत पिशवी आवरायला लागला.

घरी आलो तेव्हा दिवेलागण झाली होती. आई सरळ आत गेली, खाटेच्या कडेला बसली. बाबांनी विचारलं, "होरीला पानी घातलंस?"

"आज नाय घातलं," आई म्हणाली. आणि मग एकदम, "मीच कुजवली ओ तुमची होरी. मी नलाचं घालत होती. मना वाटलं गोडं बरं."

बाबांनी डावा हात उचलून तिच्या हातावर ठेवला. जड जिभेनं, सावकाश बोलले. "ठाव हाय मना."

"काय ठाव हाय?"

"तू पडलीस ना, त्या दिसापासून. खाडीवरून आलीस तर पायाला चिखल येतो, हाताला वास येतो. तुझ्या हाताला कंदी आलाच नाय नंतर."

मी दारात उभा होतो. माझ्या तोंडून निघून गेलं, "मग सांगितलं का नाही, बाबा? मी पंप लावला असता. माणूस ठेवला असता." माझा आवाज चढला होता.

बाबांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. ते आईलाच सांगत होते. "पानी घालून यायचीस तवा तुझं तोंड बरं दिसायचं. दिसभर हितं रडत बसायचीस, ती तेवढ्यासाठी उठायचीस. म्हनून इचारायचो." दम घेतला. "होरी काय करायचीय? मना कुठं जायचंय आता?"

आईनं हात काढून घेतला. होडी गेली हे तिला शेडमागं मिस्त्रीकडून कळलं होतं आणि ती रडली नव्हती. बाबा उठणार नाहीत, आणि हे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं, हे तिला आत्ता कळलं. ती जी रडली ते मला ऐकवेना. मी बाहेर ओट्यावर जाऊन बसलो.

होडी मोडली. आंबा चुलीतसुद्धा धड पेटेना, नुसता धुरावला. बाभळीच्या फासळ्या मिस्त्री घेऊन गेला, अजून दोन होड्यांना पुरतील म्हणाला. सागाच्या फळ्या माझ्या गाळ्यात भिंतीला टेकून उभ्या आहेत. एक गिऱ्हाईक त्यांवर हात फिरवून म्हणालं, "हे रिअल आहे का?" मी त्याला हाकलून दिलं. नारळी पौर्णिमेला भावानं फायबरच्या होडीची पूजा केली, आई गेली नाही.

बाबा आता दिवेलागणीला काही विचारत नाहीत. त्या वेळेला आई उठते, बादली उचलते, दारापर्यंत जाते आणि ठेवून परत येऊन खाटेशी बसते.