पाय न लावणारे अप्पा

हा लेख मी आपखुशीने लिहिलेला नाही. या गौरवग्रंथाची मुद्रितं तपासायला माझ्याकडे आली, आणि त्यांतल्या चार लेखांत मन्मथअप्पांच्या पायाचा महिमा निघाला. एका लेखकाने तर अप्पांचा पाय कंबरेला लागताच उसण कशी जाते हे लिहून वर सल्ला दिला आहे की, ज्यांना अप्पा भेटत नाहीत त्यांनी गावातला दुसरा पायाळू शोधावा. हे असंच छापलं तर ते वाचून कुणीतरी अशा पायाळूच्या उंबऱ्यावर पालथं पडेल. त्याचा मणका आतून कसा आहे, हे पाय ठेवणाऱ्याला ठाऊक नसेल. शिवाय सत्कार समितीने अप्पांना देण्यासाठी चांदीचं पाऊल घडवून आणलं आहे. ज्या माणसाने तरुणपणीच लोकांच्या पाठीवर पाय ठेवणं सोडलं, त्याच्या सत्काराला हीच वस्तू सुचावी, यापुढे काय बोलावं?

अप्पांनी सत्काराला एकच अट घातली होती. लिंबागणेशच्या गयाबाईंची हकिकत ग्रंथात आली पाहिजे. समितीचे अध्यक्ष मला म्हणाले, "बाई, अमृतमहोत्सव आहे, श्राद्ध नाही. शुभकार्यात ते कशाला?" बाकी कुणी लिहायला तयार होईना, म्हणून मी लिहिते आहे.

पायाळू म्हणजे काय, हे आमच्या भागात सांगावं लागत नाही. पण ग्रंथ लांबही जाईल, म्हणून सांगते. जे मूल आईच्या पोटातून पायांकडून जन्मतं ते पायाळू. अशा माणसाने पाठीला लाथ मारली किंवा पाय दाबला की कंबरेत भरलेली उसण निघते, असा समज आहे. अप्पा असे जन्मले. उमापूरला त्यांच्या वडिलांचं किराणा दुकान होतं. रविवारी सकाळी गिऱ्हाइकांपेक्षा कंबर धरून आलेली माणसंच जास्त असत. लहानपणी खेळ म्हणून आणि मोठेपणी मान म्हणून अप्पा पाय ठेवत राहिले.

मी त्यांना प्रथम पाहिलं ते बीडला, आमच्या सहकारी रुग्णालयात. साखर कारखान्याच्या सभासदांनी भागभांडवल घालून ते रुग्णालय उभं केलं होतं आणि मी त्याची सचिव होते. फिजिओथेरपीची पदवी घेऊन आलेला जिल्ह्यातला मुलगा म्हणून अप्पांना मुलाखतीला बोलावलेलं. चेअरमनसाहेब त्या दिवशी कंबरेला हात लावूनच बसले होते. मोठे जमीनदार, तालुक्याचं राजकारण त्यांच्या ओसरीवर चालायचं. त्यांनी प्रमाणपत्रांकडे पाहिलंही नाही.

"उमापूरच्या दुकानदाराचा पायाळू पोरगा तूच न्हवं?"

"हो साहेब."

"मंग कागद ऱ्हाऊ दे. आधी पाय लाव. गुण आला की ऑर्डर." असं म्हणून साहेब सभेच्या टेबलावर पालथे झाले. संचालकांनी आपापले चहाचे कप उचलून घेतले.

अप्पा जागचे हलले नाहीत. "पाय लावायचा असेल तर मला नोकरी नको. तपासून घ्यायचं असेल तर सदरा काढा."

"लई शिकलास रं."

"शिकलो म्हणून विचारतो. संध्याकाळी ताप येतो का? वजन उतरलंय का? पायाला मुंग्या येतात का? लघवी झाल्याचं कळतं का?"

शेवटच्या प्रश्नावर साहेबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "बाईंना भाईर पाठवा."

"मला इतिवृत्त लिहायचंय," मी म्हटलं. साहेबांनी भिंतीकडे तोंड करून उत्तरं दिली.

साधी उसण होती. अप्पांनी शेक सांगितला, झोपून राहू नका म्हणाले, रोज सकाळी शेताच्या बांधावरून चालायला लावलं. आठवड्याने साहेब ताठ चालू लागले आणि पायाळू पोराच्या पायाने गुण आला म्हणून तालुकाभर सांगत सुटले. अप्पा त्यांच्या कचेरीत गेले. "साहेब, मी पाय लावलेला नाही."

"आरं बाबा, चालून बरा झालो म्हनलं तर कोन इश्वास ठेवंल?"

त्याच दिवशी त्यांच्या नेमणुकीची ऑर्डर टंकून झाल्यावर मी त्यांना विचारलं होतं, की नोकरी घालवायची वेळ आली तरी पाय का लावला नाही. त्यांनी गयाबाईंची हकिकत सांगितली. मी ती जशी ऐकली तशी देते.

मोठ्या दुष्काळाचं साल होतं. विहिरी आटल्या होत्या आणि सगळा गाव पाझर तलावाच्या कामावर माती वाहत होता. गयाबाईंचं नुकतंच लग्न झालेलं. डोक्यावर मातीची पाटी, पोटात कामावर वाटली जाणारी सरकारी सुकडी. कितीतरी महिने त्यांची पाठ दुखत होती. संध्याकाळी अंग कोमट लागे, लुगडं दर महिन्याला सैल होई. त्या साली सगळ्यांचीच लुगडी सैल झाली होती, त्यामुळे कुणी लक्ष दिलं नाही. सासरची माणसं एका रविवारी त्यांना बैलगाडीत घालून उमापूरला घेऊन आली. अप्पांनी पाय ठेवला, दाबला. गयाबाई ओरडल्या. बरं वाटेल, असं अप्पांनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांचे पाय गेले.

औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात निदान झालं: मणक्याचा क्षय. डॉक्टर म्हणाले, हाड आतून पोखरलेलं होतं, आज ना उद्या बसलंच असतं. पण हेही म्हणाले, की आधी आणलं असतं तर औषधाने बरी होऊन ही मुलगी चालत घरी गेली असती. दीड वर्षाच्या औषधांनी क्षय गेला, पाय परत आले नाहीत. सासरच्यांनी गयाबाईंना लिंबागणेशला भावाच्या दारात सोडलं. अप्पांनी दुकान आपल्या भावाच्या स्वाधीन केलं आणि शिकायला नागपूरची गाडी पकडली.

यानंतर त्यांनी रुग्णालयात जे केलं ते सर्वांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात लिहिते. ते चार प्रश्न विचारल्याशिवाय त्यांनी कुणाच्याही पाठीला हात लावला नाही. आपल्याकडे कंबर दुखली की लोक 'गादी सरकली', 'मणक्यात गॅप आला' असं म्हणत येतात आणि मणका म्हणजे विटांची रास, कुणीतरी धक्का देऊन सरळ करावी, असं समजतात. अप्पा समजावत, की बहुतेक उसणी थोड्या दिवसांत आपणहून बऱ्या होतात. त्या दिवसांत कुणी पाय लावला तर श्रेय पायाला, तेल चोळलं तर तेलाला. मणक्यांमधली गादी फुगून शीर दाबली गेली तर कळ पायात उतरते. तीही बहुतेकांची वेळ देऊन, चालतं राहून, नेमके व्यायाम करून शमते. थोड्यांनाच शस्त्रक्रिया लागते. पण ताप असेल, वजन उतरत असेल, पायातली ताकद जात असेल, मांड्यांमधली जागा बधिर झाली असेल किंवा लघवीवरचा ताबा सुटला असेल, तर त्या पाठीला हात न लावता आधी डॉक्टरकडे न्यायचं, आणि त्याच दिवशी.

अलीकडे बीडच्या मंगल कार्यालयांत कायरोप्रॅक्टिकची, म्हणजे हाताच्या झटक्याने सांधे मोकळे करण्याची, शिबिरं भरतात. मोबाइलवर मानेचे, पाठीचे कटकट आवाज ऐकून शिकवणीच्या क्लासची मुलंही तिकडे जातात. अप्पांनी या विद्येला कधी सरसकट नावं ठेवली नाहीत. रीतसर शिकलेल्या हाताने, तपासून मगच केलं तर काही दुखण्यांना उतार पडतो, असं ते म्हणत. आवाजाला मात्र भुलू नका. सांध्यातल्या हवेचा बुडबुडा फुटतो, हाड जागेवर बसत नाही. अशा एका शिबिरात ते स्वतः गेले होते. टेबलापाशी उभ्या तरुणाला त्यांनी एवढंच विचारलं, "ज्यांना परत पाठवलंत असे आज किती?" तो म्हणाला, "कुणालाच नाही, काका." अप्पा मला म्हणाले, "मीही कुणाला परत पाठवत नव्हतो."

त्यांचं काही चुकलं नाही, असं मी लिहिणार नाही. ते त्यांनाच आवडायचं नाही. नंतरच्या एका दुष्काळात टँकरच्या रांगेतून बायका कंबर धरून आमच्याकडे येत. अप्पा प्रत्येकीला सांगत, "वजन उचलू नका." एक म्हातारी उठता उठता म्हणाली, "मंग पानी कोन आनंल? तू येतूस का?" बाहेरच्या बाकावरच्या बायका हसल्या. अप्पांनी ते वाक्य पुन्हा कुणाला ऐकवलं नाही. दूध संघाच्या गाड्या बीडला कॅन रिकामे करून गावोगाव परत जात. दूध संघही चेअरमनसाहेबांच्याच हातात होता; अप्पा त्यांच्या मागे लागले आणि ते कॅन धुऊन, पाणी भरून परत जाऊ लागले. चार गावांच्या बायकांचा हेलपाटा उन्हाळाभर वाचला. संघाच्या अहवालात याला समाजकार्य म्हटलं आहे. अप्पा त्याला उपचार म्हणत.

माझ्यावरचे उपकारही नोंदवते. माझे यजमान अंथरुणाला खिळले, तेव्हा माणसाला कुशीवर कसं वळवायचं, टाचेखाली काय ठेवायचं, पाठीला जखम होऊ नये म्हणून रोज कुठे पाहायचं, हे अप्पांनी मला शिकवलं. मी विचारलं, इतकं बारीक कुठे शिकलात. ते म्हणाले, "लिंबागणेशला." तोवर मला ठाऊक नव्हतं की ते दर महिन्याला एसटीने तिथे जातात.

छापण्याआधी गयाबाईंना विचारणं भाग होतं. गेल्या महिन्यात अप्पा आणि मी गेलो. समितीने आधी दाखवायला पाठवलेलं ते चांदीचं पाऊल अप्पांनी मखमली डबीसकट बरोबर घेतलं होतं. गयाबाई दारात गोधडीवर कुशीवर पडल्या पडल्या शेंगा फोडत होत्या.

"ये अप्पा. ह्या कोन?"

"आमच्या दवाखान्याच्या बाई. तुझ्याबद्दल लिहिणार आहेत, गयाअक्का."

"कावून? मी काय केलं?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, हातातली शेंग फोडली. "छापा. पन बिचारी म्हनू नका. आन् नाव पुरं टाका, गयाबाई. पायाळूनं मोडली ती बाई, असलं नगं."

अप्पांनी डबी उघडून पुढे केली. गयाबाईंनी पाऊल उचललं, उलटंपालटं केलं, हातावर जोखलं.

"येकच?"

"एकच."

"द्यायचंच व्हतं तं जोडी द्यायची. माज्या कामाला तरी आली असती."

अप्पा हसले नाहीत. गयाबाई हसल्या, आणि मग तेही हसले. गयाबाईंनी पाऊल डबीत ठेवलं आणि पुन्हा शेंगा फोडायला घेतल्या.

"येक सांगू का, बाई?" गयाबाईंनी मान माझ्याकडे वळवली. "ह्यानं पाय हलकाच ठेवलता. मीच म्हनलं, जोर दे. हे बी लिव्हा."

"तू म्हणालीस," अप्पा म्हणाले. "दिला मी."

"बरं, तूच दिला. आता मला पलटव. भावजय शेतात गेलीया, सकाळधरनं येकाच आंगावर हाय."

पंचाहत्तर वर्षांच्या अप्पांनी गुडघे टेकले, एक हात खांद्याखाली, एक कंबरेखाली घातला आणि त्यांना वळवलं. पाठ पाहिली, टाचा पाहिल्या. जखम नव्हती. इतक्या वर्षांत एकदाही झाली नाही. अप्पांचा गौरव करायचा तर माझ्या मते याचा करावा.

आम्ही निघालो तेव्हा गयाबाई म्हणाल्या, "बाई, रोज गनपतीला म्हनते मी, ह्याला माज्याआदी नेऊ नगंस. भाऊ थकला. हा गेल्यावर भावजयीला सांगनारं कोन ऱ्हाईल?" अप्पांना दीर्घायुष्य लाभो, एवढं मी माझ्याकडूनही म्हणते. पण माझ्यापेक्षा गयाबाईंची मागणी नेमकी आहे. अप्पांची स्वतःची पाठ ताठ राहो, हातांत माणूस वळवण्याची ताकद राहो, आणि त्यांचं आयुष्य गयाबाईंच्या आयुष्याहून निदान एका दिवसाने मोठं असो.

सुपूर्द केल्याची नोंद. हा लेख, स्वहस्ते लिहिलेला, एकही परिच्छेद न गाळण्याच्या अटीवर. अट मान्य नसल्यास संपादक मंडळातून माझं नाव कमी करावं. गयाबाईंचं एक छायाचित्र, त्यांनी स्वतः निवडलेलं, खाली पूर्ण नाव छापण्यासाठी. चांदीचं पाऊल एक, डबीसह, परत. तिन्ही वस्तू समितीच्या अध्यक्षांनी रुग्णालयाच्या जुन्या कचेरीत मोजून घेतल्या आणि पाऊल हातात धरून विचारलं, "आता ह्याचं काय करू?" त्यांना मी लिंबागणेशहून आणलेला गयाबाईंचा निरोप दिला: मोडा, आणि येणाऱ्या पैशांत पाठीला जखम होऊ नये म्हणून मिळते ती हवेची गादी घ्या. अध्यक्षांनी पोहोच लिहून दिली. गादी मिळाल्याची गयाबाईंची सही अजून यायची आहे.