पित्त पाडायची रीत

माझ्या बायकोचे दात माझ्यामुळे गेले. मी तिच्यावर कधी हात उगारला नाही, काळजीच केली.

आमच्या घरात पित्त झालं की ते पाडायचं. सकाळी मिठाचं कोमट पाणी तांब्याभर प्यायचं, मोरीत वाकून घशात बोटं घालायची, आणि तोंड आंबट राहू नये म्हणून लगेच खसाखसा दात घासायचे. वडील करायचे, मी करायचो. लग्न होऊन पुणतांब्याहून भिंगारला आली तेव्हा बायकोचं डोकं सारखं दुखायचं. मीच तिला हे शिकवलं.

"अहो, तुमच्याकडे कोंबडा कशाला हवा?" ती म्हणायची. "तुमच्या ओकाऱ्यांनी सगळी आळी उठते."

मी हसायचो, पण तिला सोडायचो नाही. डोकं धरून बसली की तांब्या भरून पुढे करायचो. "पाड आणि मोकळी हो."

अशी वर्षं गेली. मग तिला गार पाणी सोसेना. पुढच्या दातांच्या कडा काचेसारख्या दिसायला लागल्या. नगरला दातांच्या डॉक्टरीणबाईंनी छोटा आरसा आत धरून पाहिलं.

"आतल्या बाजूनं झिजलेत. पोटातलं आम्ल लागतंय. उलट्या होतात का तुम्हाला?"

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या दाताच्या चित्राकडे पाहत राहिलो.

"नाही," ती म्हणाली. "लिंबू फार खाते मी."

बाई म्हणाल्या, गेलेलं एनॅमल परत येत नाही. उरलेल्यावर लेझर मारून फ्लोराइड लावू. लेझरच्या उष्णतेनं वरचा थर टणक होतो, मग तो आम्लात सहजासहजी विरघळत नाही. "पण आम्ल येतच राहिलं, तर लेझरसुद्धा पुरं पडणार नाही. म्हणून विचारलं," असं म्हणून त्या थांबल्या. मी तेव्हा बोलायला हवं होतं. आपल्या घरची रीत अडाणी ठरेल, या लाजेनं मी गप्प बसलो.

लेझरपासून डोळे जपायला काळा चष्मा लावून ती खुर्चीत आडवी पडली. बाहेर आल्यावर म्हणाली, "आता लिंबू सोडायला हवं, नाही का?" टोमणा मला कळला. तरी पुढच्या वेळी तिचं डोकं दुखलं तेव्हा मी तांब्या भरला. लेझर मारलंय, आता दातांना काय होतंय, असं मला वाटलं. ती प्यायली आणि मोरीकडे गेली.

थंडीत बाजरीच्या भाकरीचा कडक पापुद्रा चावताना तिचा पुढचा दात तुटला. तुकडा तिनं तळहातावर घेतला.

"अहो, लेझर मारलेला हाच ना?"

तिच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं. त्यानंतर ती पदर तोंडाशी धरून हसायची. पुढे हसणंच बंद झालं. भाकरी दुधात बुडवून खाते.

दात तुटला तेव्हाच पुन्हा त्याच खुर्चीत तिला बसवलं होतं. बाई गोंधळल्या. "इतक्या लवकर? लिंबू सोडलं नाही का?"

"नाही हो, सुटतच..." बायकोनं सुरुवात केली.

"लिंबू नाही, डॉक्टर," मी म्हणालो. "मी हिला ओकायला लावतो. वर्षानुवर्षं. लेझर मारल्यावरही लावलं."

बाईंनी आरसा खाली ठेवला. उरलेले दात किती टिकतील, ते सांगता येणार नाही म्हणाल्या. बायको तोंडावर हात धरून माझ्याकडे बघत होती. त्यांच्यादेखतच मी तिला म्हणालो, "चुकलं माझं. इथं माझी लाज तू झाकलीस आणि मी झाकू दिली. दात मी परत आणू शकत नाही. मला माफ कर."