मिस टकर यांचा पणजोबा

चहा घ्या आधी, आणि मधेच हसू नका. सांगताना मी अजूनही दमते. परदेशी शिकायला, स्टेट कॉलेजला आल्यावर पहिल्याच वर्षी, सहा आठवडे मान मोडेपर्यंत खपून, मी एक्याऐंशी वर्षांच्या एका बाईंना भलत्याच घराण्यात दत्तक दिलं. तेही त्यांना न विचारता!

बाई म्हणजे मिस टकर. निवृत्त शिक्षिका, लग्न केलेलं नाही, सणावाराला परदेशी विद्यार्थ्यांना घरी जेवायला बोलावणाऱ्या. त्यांचा पणजोबा इंग्लंडहून आलेला. ज्या चर्चमध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला, तिथल्या दगडी कुंडावर एकदा हात ठेवायचा, एवढीच त्यांची इच्छा. ती मुळात त्यांच्या वडिलांची, राहून गेलेली. उन्हाळ्यातलं तिकीटसुद्धा काढलेलं. पण गाव डनवेल, आणि डनवेल निघाली दोन! ग्रेट डनवेल आणि लिटल डनवेल. आपलं बुद्रुक आणि खुर्द असतं ना, अगदी तसंच. दोन्हीकडे चर्च. जायचं कुठल्या?

"माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू. तुझे डोळे तरुण आहेत, शिवाय तू स्टॅटिस्टिक्स शिकतेस," त्या म्हणाल्या.

मला नाही म्हणता येत नाही हो! फोन वाजला तरी मी दचकते. शिक्षिकेला नाही कुठून म्हणणार?

झालं. दर शनिवारी एका लायब्ररीच्या तळघरात, मायक्रोफिल्मच्या मशीनपुढे. दोन्ही चर्चच्या नोंदवह्या आणि जुनी खानेसुमारी, सगळं त्या फिरत्या रिळांवर. अक्षर असं, की मोडी परवडली. तासाभरात डोळे गरगरायचे, दोन तासांत पोट. बाजूला मिस टकर लोकर विणत बसलेल्या. "सापडलं का, डिअर?" की मी दचकून हँडल सोडायची आणि रीळ चाळीस वर्षं पुढे!

त्यांच्या घरच्या बायबलात पणजोबाचं नाव होतं: जॉन हेन्री टकर. म्हणजे काम सोपं. हेन्रीचा मुलगा जॉन शोधायचा.

पहिल्याच शनिवारी खुर्दाच्या वहीत एक जॉन हेन्री टकर सापडला. पण बाप कोण? जेम्स! मी मनाशी हसले. बाप जेम्स, तर पोरगा जॉन हेन्री कसा? वहीत टिपून ठेवलं, "कारकुनाची चूक", आणि रीळ पुढे फिरवलं. आपल्या हुशारीचं कौतुक वाटलेला तो शेवटचा दिवस.

पाचव्या शनिवारी बुद्रुकात सापडला: जॉन, बाप हेन्री टकर. अहाहा! हा हेन्री चर्चची घंटा वाजवायचा, असंही त्याच्या दफनाच्या नोंदीत होतं.

"तरीच!" मिस टकरनी सुया खाली ठेवल्या. "चाळीस वर्षं शाळेची घंटा माझ्याकडे होती!"

मग त्यांनी बुद्रुकाच्या पाद्रीबुवांना पत्र टाकलं. पाद्रीबुवांचं उत्तर आलं, की हेन्रीच्या वंशजासाठी आम्ही सगळ्या घंटा वाजवू. मिस टकरनी ते पत्र फ्रिजवर लावलं, आणि नवी हॅटसुद्धा घेतली.

निघायला दहा दिवस उरले, तेव्हा वंशवृक्षाची शेवटची प्रत काढायला मी त्यांच्याकडे गेले.

"खाली तुझं पूर्ण नाव घालते. सांग."

"नीलिमा वसंत खरे."

"वसंत! किती गोड. फुलाचं नाव?"

"नाही, बाबांचं."

"अगं बाई, वडिलांवरून तुझं नाव ठेवलं?"

"तसं नाही. आमच्यात सगळ्यांचंच असतं."

"सगळ्यांचं नाव वसंत?"

"नाही हो! ज्याच्या त्याच्या बापाचं. तुमच्यासारखंच."

"माझं तर डोरोथी रोझ टकर," त्या म्हणाल्या. "आईला गुलाब आवडायचे."

मी कप खाली ठेवला.

"म्हणजे... तुमच्या वडिलांचं नाव रोझ नव्हतं?"

"त्यांचं नाव वॉल्टर होतं, डिअर."

"मग जॉन हेन्रीतला हेन्री?"

"कुणीही असेल. मामा असेल, शेजारी असेल."

मी रडतच वही काढली. पहिलं पान. जॉन हेन्री टकर, बाप जेम्स, लिटल डनवेल. समोर माझ्याच वळणदार अक्षरात: कारकुनाची चूक. सहा आठवडे, तीन चष्मे बदलल्यागत डोकं उठलेलं, आणि उत्तर पहिल्याच शनिवारचं! स्टॅटिस्टिक्सच्या मुलीनं एकुलता एक खरा आकडा फेकून दिला होता.

"आणि हा जेम्स काय करायचा?" मिस टकरनी शांतपणे विचारलं.

खानेसुमारी तपासायला पुन्हा तळघर. मी हळूच वाचलं. "उंदीर पकडायचा."

फ्रिजवरचं पत्र, घंटा, नवी हॅट, सगळं डोळ्यांपुढून गेलं. जमीन दुभंगावी आणि त्या तळघराखाली आणखी एक तळघर निघावं, असं वाटलं.

मिस टकरनी विणकाम गुंडाळलं. "तरीच! चाळीस वर्षं सातवीचा वर्ग माझ्याकडे होता."

जुलैत त्यांचं पोस्टकार्ड आलं. माझी रूममेट वंदना ते वर घेऊन आली आणि दारातूनच मोठ्यानं वाचायला लागली: खुर्दाला गेले. कुंडावर हात ठेवला, गार होतं, बाबांची फार आठवण झाली. बुद्रुकवाल्यांना खरं सांगितलं, तरी त्यांनी घंटा वाजवल्याच. हॅट वाया गेली नाही.

माझा जीव भांड्यात पडला. कितीतरी दिवसांनी पहिल्यांदा मान सरळ झाली.

वंदनानं कार्ड उलटून पत्ता पाहिला. मिस टकरनी प्रेमानं लिहिलं होतं: मिस नीलिमा रोझ खरे.

"काय गं," वंदना म्हणाली, "काकांनी नाव कधी बदललं?"