नाव मीच घेणार

जयपुरातल्या आमच्या मराठी मंडळात माझ्याबद्दल एक मत अगदी पक्कं होतं: पोरगी गोड आहे, पण मराठी कच्चं. गणपती असो, कोजागिरी असो, कुणी ना कुणी काकू माझ्या गालाला हात लावून म्हणायचीच, "इथेच वाढली ना बिचारी, कुठून येणार मराठी!" मी आपली मान डोलवायचे. वास्तविक माझं मराठी त्या काकूंच्या तोडीस तोड होतं. आई-बाबा साताऱ्याचे. बाबा विमा कंपनीत अधिकारी, बदलीवर जयपूरला आले आणि इथलेच झाले. घरात मराठीच बोलायचं, हा आईचा दंडक. अडचण मराठीची नव्हतीच मुळी. मी अडखळत बोलते. शब्दाचं पहिलं अक्षर घशात रुतून बसतं आणि काही केल्या हलत नाही.

शाळेत मला 'हकली' म्हणायचे. घरी आणि मंडळात मात्र मला एक पळवाट सापडली होती. बटाट्याचा 'ब' ओठांवर चिकटला की मी 'आलू' म्हणून मोकळी व्हायचे. कुलूप अडलं की ताला, पिशवी अडली की थैली. महाराष्ट्रात असते तर लोकांनी विचारलं असतं, ही अशी धेडगुजरी का बोलते? इथे मंडळातली निम्मी पोरं "आई, मतलब मला भूख लागली" असंच बोलायची, त्यामुळे मी त्यांच्यात बेमालूम खपून गेले. आईलाही ते सोयीचं होतं. "हिला मराठी येत नाही हो," असं ती हसत सांगून टाकायची. मला शुद्ध मराठी शिकवायला जिवाचं रान करणारी ही बाई! पण लेक अडखळते म्हणण्यापेक्षा लेक मराठी विसरली म्हणणं तिला सोपं वाटायचं. मला त्याचा आजही राग येतो, आणि तो मी लपवत नाही.

ही पळवाट लग्नात बंद झाली. नवरा रेल्वेत, भुसावळकडचा, त्याचीही बदली जयपूरला. लग्नाच्या पंगतीत बायका गोळा झाल्या, "नाव घे, नाव घे!" आता बटाट्याला आलू म्हणता येतं, नवऱ्याला काय म्हणणार? त्याचं नाव आहे तेच आहे, हिंदीतही तेच, आणि सुरुवातच ओठ मिटून करायला लावणारी. मी ओठ मिटले आणि ते मिटलेलेच राहिले. मानेच्या शिरा ताणल्या, डोळे मिटले गेले. तेवढ्यात आई पुढे झाली. "अहो, तिला उखाणे येत नाहीत, जयपूरची आहे ना," म्हणाली आणि माझ्या वतीने तिनेच उखाणा म्हणून जावयाचं नाव घेऊन टाकलं. सगळ्या खूप हसल्या. मीही हसले. माझ्या लग्नात माझ्या नवऱ्याचं नाव माझ्या आईने घेतलं! आत जाऊन मी शालूच्या पदरात तोंड खुपसून रडले.

पुढे नवऱ्यानेच शोधून काढलं की दर रविवारी सकाळी एका बागेत अडखळणारे लोक जमतात. मी आधी नाही म्हटलं, मग गेले. हिंदीतून चालायचं सगळं. तिथे पद्धत अशी की प्रत्येकाने आपली गोष्ट सांगायची. पहिल्याच दिवशी एक टापटीप गृहस्थ उभे राहिले आणि न अडखळता घडाघडा बोलले: व्यायाम केला, मनाचा निश्चय केला, पूर्ण बरा झालो, आता व्यासपीठं गाजवतो. टाळ्या पडल्या. मी मात्र घरी आले ती तोंडात मारल्यासारखी. म्हणजे बरी होत नाही ती माझीच चूक, निश्चय कमी पडला! गेली ती बाग खड्ड्यात, असं नवऱ्याला सांगून मी पुढच्या रविवारी पांघरुणातून बाहेर आले नाही.

त्याने मला ओढून नेलं म्हणून त्यानंतरच्या रविवारी एका निवृत्त कारकुनांची गोष्ट ऐकायला मिळाली. ते राहायचे जयपुरात, नोकरी चाकसूला. रोजची बस. आणि 'चाकसू' हा शब्द काही केल्या तोंडातून निघेना. म्हणून ते रोज पुढच्या निवाईचं तिकीट काढायचे आणि चाकसूला उतरायचे. वर्षानुवर्षं! कंडक्टर रोज दारातून ओरडायचा, "अरे बाबूजी, निवाई अभी आगे है!" त्याची ठाम समजूत, की बाबूजींच्या डोक्यात फरक आहे. शेवटी निवृत्ती जवळ आली तेव्हा एके दिवशी बाबूजींचं डोकं फिरलं. 'च' धरला आणि सोडलाच नाही. मागचे लोक ओरडताहेत, बस सुटायची खोळंबली आहे, कंडक्टर मशीन हातात धरून ताटकळतो आहे, आणि हे "च, च, च". निघालं एकदाचं.

"मग?" मी विचारलं.

"मग काय, चाकसूचं तिकीट काढून चाकसूला उतरलो," ते म्हणाले.

हे सगळं त्यांनी अडखळतच सांगितलं. 'चाकसू' म्हणताना तर प्रत्येक वेळी गाडी थांबायची. आम्ही सगळे गप्प बसून राहायचो आणि एकानेही तो शब्द त्यांच्या वतीने म्हटला नाही. घरी येताना स्कूटरवर मागे बसून मी हसत होते आणि रडतही होते. नवऱ्याला वाटलं, डोळ्यांत धूळ गेली. त्या टापटीप गृहस्थांना खोटं पाडायचं नाही मला. झाले असतील बरे, आनंद आहे. पण मला जगायला उपयोगी पडली ती ही गोष्ट, जिच्यात माणूस शेवटपर्यंत अडखळतोच आणि तरी जिथे उतरायचं त्या गावाचं नाव घेतो.

तेव्हाच ठरवलं. यंदा संक्रांतीला मी नाव घेणार. मीच.

हळदीकुंकू विद्याधर नगरला एका काकूंकडे होतं. सगळ्या काळ्या साड्यांत, बाहेर प्रत्येक गच्चीवर स्पीकर लावलेले, पतंग कापल्याच्या "वो काटा!" अशा आरोळ्या. वाण लुटून झालं, तिळगूळ झाला आणि उखाण्यांची फेरी सुरू झाली. माझी पाळी आली तशी आई सवयीने म्हणाली, "तिला राहू द्या हो, तिला..."

"मी घेणार आहे," मी म्हटलं. आईचा चेहरा पडला. "कशाला चारचौघींत?" ती माझ्या कानाशी पुटपुटली. मी सुरुवात केली.

"गच्चीवर चढले शेजारी, आभाळात पतंगांची दाटी..."

इथवर ठीक होतं. मग ओठ मिटले. एक काकू साडीच्या निऱ्या सारख्या करू लागली, एक उगाच खिडकीबाहेर बघू लागली. मी डोळे उघडे ठेवले आणि ओठांवर आलेला तो आवाज धरून बसले. पहिलं अक्षर सुटलं, परत सुटलं, परत. नाव अर्ध्यावर आलं आणि आईने ते पूर्ण करून टाकलं. तिला राहवलं नाही. बायकांनी सुटल्यासारख्या टाळ्या वाजवल्या. "छान हो, छान! चला, पुढची."

डोक्यात सणक गेली माझ्या. लग्नातली आई आणि आत्ताची आई, तेच ते प्रेम, आणि तेच माझी जीभ कापणं.

"थांबा," मी म्हटलं. "माझं झालेलं नाही."

"अगं झालं की, घेतलंस ना नाव!"

"आईने घेतलं. मी परत पहिल्यापासून म्हणते. वेळ लागेल. बसा."

आणि मी पहिल्यापासून म्हटलं. शेजारी, पतंग, दाटी. मग पुन्हा तोच डोंगर. यावेळी अधिकच अडलं, कारण राग आला होता. आईचे ओठ हलताना मला दिसले. तिने पदर तोंडावर घट्ट दाबून धरला. आणि मी माझ्या नवऱ्याचं नाव घेतलं, तुकड्यातुकड्यांनी, पण सगळंच्या सगळं, आणि शेवटी "...रावांचं नाव घेते खास तुमच्यासाठी" हेही.

टाळ्या जरा उशिरानेच आल्या. यजमानीण काकू मनाने फार चांगल्या. त्या घाईघाईने आईला म्हणाल्या, "अहो, मध्ये थांबली ते फारसं कळलंसुद्धा नाही हो!"

आईने तोंडावरचा पदर काढला. डोळे लाल झाले होते.

"न कळायला काय झालं?" ती म्हणाली. "अडखळते माझी मुलगी."

एवढं बोलून ती माझ्याजवळ सरकून बसली.

"आणि आता तिच्या बोलण्यात कुणी मध्ये पडायचं नाही. मीसुद्धा."