मिस्त्रींचा कान

मिस्त्री कधी बसलेले मी पाहिलेच नाहीत. मांजरसुंब्याच्या फाट्यावर माझं कुल्फीचं दुकान आणि त्यांचं मोटारसायकलचं गॅरेज, मधे एकच भिंत. चहासुद्धा येरझाऱ्या घालत प्यायचे. "अहो, बूड टेका की जरा!" मी ओरडायची. "बसलं की गंज चढतो, ताई," म्हणत पुन्हा चालू.

असा उतावळा माणूस, पण इंजिनातली बेरिंग बदलताना हातोड्याला शिवायचा नाही. नवी बेरिंग पिशवीत बांधून माझ्या फ्रीजरमध्ये ठेवायची, इकडे इंजिनचं मोकळं कवच शेगडीवर तापवायचं. पाण्याचा थेंब टाकून चुर्र झालं की गार बेरिंग अलगद आत सोडायची; आपोआप बसायची. "ठोकून बसवलेली लई टिकत न्हाई," म्हणायचे. एकदा गडबडीत मी गिऱ्हाइकाच्या हातावर कुल्फीऐवजी ती पिशवीच ठेवली. मेला हा माणूस आठवडाभर हसत होता.

खरी करामत त्यांच्या कानात होती. लांब पेचकसाचं टोक चालू इंजिनला लावायचं, मूठ कानाला. कुठली बेरिंग गेली ते न उघडता सांगायचे.

तोच कान गेला. मला आधी कळलं, कारण माझ्या बोलण्याला उलट उत्तर येईना. कानाचं मशीन आणलं, तर त्यात सगळंच भणभणायचं. एका दुपारी गिऱ्हाईक चहाला गेलेलं पाहून त्यांनी पेचकस माझ्या हातात दिला. "ताई, तुमीच ऐका. कुणाला बोलू नका, गिऱ्हाईक तुटंल."

मी ऐकलं. जात्यासारखी घरघर होती; ती हातानंच जातं फिरवून दाखवली. "हां, गेली!" त्यांचा चेहरा उजळला. मग रोजचंच झालं. कुल्फी काढता काढता पळायचं, ऐकायचं, परत यायचं. मधेच कुणी आलं की पेचकस पदराखाली लपवायचा.

पुढे ऑपरेशनसाठी मी अंबाजोगाईला दवाखान्यात राहिले. परत आले तर मिस्त्री सामान बांधत होते. मी नसताना त्यांनी एक गाडी स्वतःच्या भरवशावर सोडली होती. तिचं इंजिन घाटात जाम झालं. गाडीवरचं पोरगं खरचटण्यावर वाचलं. चूक कुणाची, हे त्या पोराला कळलंच नव्हतं. मिस्त्रींना कळलं होतं.

मी त्यांच्या कानाशी ओरडले, "आता मी आलेय ना! कावून बंद करता?"

"तुमी हाय, ताई. पर गाडी सोडायची तर आवाज मला आला पायजे."

चकलांब्याला लेकीकडे गेले ते गेलेच. मला फार राग आला. अजून येतो.

गॅरेजच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे. मला मात्र जागेवर चैन पडत नाही. एखादी गाडी घरघरत गेली की कुल्फी तशीच टाकून धावते, "ओ दादा, थांबा! बेरिंग गेली तुमची!" लोकांना वाटतं, बाई येडी आहे. काही जण थांबतात. विचारतात, "मग चांगला मिस्त्री कुठं हाय इथं?" आणि मी वितळलेली कुल्फी आवरायला परत फिरते.