बारा महिने, पावसाळा धरून

रस्त्याच्या कामाला किती दिवस लागतील, हे आमच्या ऑफिसात कुणी मोजत नसे. मागच्या निविदेचा कागद काढायचा, खर्चाचा आकडा साधारण जुळतो का बघायचं आणि तिथलीच मुदत उतरवायची. पुढे लिहायचं, ‘पावसाळा धरून’. कार्यकारी अभियंता म्हणून मी कितीतरी कामांवर अशी सही केली.

मुखेडकडून देवणीच्या दिशेनं जाणाऱ्या रस्त्याच्या रुंदीकरणात मात्र एका शाखा अभियंत्यानं दिवस मोजले. त्याचे वडील आमच्याच खात्यात मैलकुली होते, जन्मभर रस्त्यावरचे खड्डे बुजवणारे. पाऊस पडून गेल्यावर काळी माती किती दिवस रोलर घेत नाही, हे त्याला पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. त्यानं तक्ता केला. पावसाचे दिवस, माती वाळायचे दिवस, रस्त्याखालच्या मोऱ्यांचं काँक्रीट पक्कं व्हायचे दिवस. दिवाळीनंतरचे महिने आम्ही कामाचे सर्वांत चांगले समजायचो. ते त्यानं अर्धेच धरले, कारण तेव्हा त्या पट्ट्यातली गावंच्या गावं ऊसतोडीला जातात आणि मोरीवर काम करायला माणूस मिळत नाही. खाली बेरीज होती वीस महिने.

वरून मला फोन आलेला होता: बारा. मला बढती हवी होती. नांदेडच्या बैठकीत मी तो तक्ता सगळ्यांसमोर वर धरला.

“वीस महिने? रस्ता करायचाय का धरण?”

“सर, बारात बसवलं तर भराव ओल्या मातीवर पडंल. मोरीपाशी खचंल.”

“अहो, आता इंजिनिअर झालात ना तुम्ही? वडिलांची टोपली खाली ठेवा की.”

सगळे हसले. एक उपअभियंता म्हणाला, “साहेब, यांना पंचांगच काढायला लावा.” पुन्हा हशा. टोपलीच्या आडून मी नेमकं काय म्हणालो, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला कळलं होतं. त्यालाही. तो बसला नाही. “तक्ता फायलीला लावलाय सर,” एवढं बोलून उभाच राहिला.

निविदेत मुदत बारा महिनेच गेली. कंत्राटदारानं पावसाच्या तोंडावर घाईनं भराव ओतला. मी दर आठवड्याला फोन करून त्याला आणखी घाई करत होतो. पुढच्या पावसात मोरीजवळ रस्ता खचला आणि एसटी कलंडली. कुणी दगावलं नाही, पण ड्रायव्हरचा पाय गेला.

चौकशी लागणार हे कळलं त्या दिवशी मी फाइल मागवली, तक्ता काढला आणि फाडला. अडचणींची पूर्वकल्पना शाखा अभियंत्यानं दिली नव्हती, असा जबाब लिहून दिला. आरोपपत्र त्याला मिळालं. मला बढती मिळाली.

इतकी वर्षं झाली तरी चौकशी अजून चालू आहे. त्याच्या हाताखाली शिकलेले त्याचे साहेब झाले आणि तो शाखा अभियंताच राहिला. पुढच्या वर्षी तो निवृत्त होईल. त्याआधी निर्दोष ठरला नाही तर तो डाग घेऊनच जाईल.

गेल्या महिन्यात मी खरा जबाब लिहून लातूरला त्याच्या घरी गेलो. दार त्याच्या बायकोनं उघडलं. ओळखलं, पण बाजूला सरकली नाही.

“कोन हाय?” आतून आवाज आला.

“टोपलीवाले साहेब आलेत,” ती म्हणाली.

त्यानं दारातच कागद वाचला आणि परत दिला.

“तुम्हाला रिटायर होऊन नऊ वर्षं झाली. आता खातं तुमचं काही वाकडं करू शकत न्हाई. म्हणून आलात.”

“हो,” मी म्हणालो. ते खरंच होतं.

“कागद नको मला. फायलीतला कागद कसा जातो, ते तुम्हीच दाखवलंय. चौकशीला येऊन तोंडानं सांगा. मी समोर बसलेला असताना.”

मी गेलो. सांगितलं. फोन, तक्ता, फाडणं, आणि टोपलीचं वाक्यही. त्यानं नजर हलवली नाही. चौकशी अधिकारी माझ्या मुलाच्या वयाचे. ते म्हणाले, “तेव्हा एक सांगितलंत, आज दुसरं. तक्त्याचा पुरावा?”

“नाही. मी नष्ट केला.”

“मग तुमचं कुठलं बोलणं खरं धरायचं?”

त्या बैठकीतल्या दोघांना साक्षीला बोलवायचं ठरलं, आणि त्यांच्यासमोर मी पुन्हा यायचं. एकाला मी आधीच फोन केला होता. आठवत नाही म्हणाला.

बाहेर पार्किंगमध्ये तो गाडी काढत होता. मी जवळ गेलो. त्यानं माझ्याकडे न बघता विचारलं, “पुढच्या तारखेला याल?”

“येईन.”

“बघू,” तो म्हणाला, आणि हेल्मेट घालून निघून गेला.